शेवंतीचं गिऱ्हाईक

तो हवालदार रोज सकाळी मासळीबाजारात आधी माझ्यासमोर थांबायचा. अंगठ्याने बांगडा दाबायचा, कल्ला उघडून बघायचा आणि विचारायचा, "कशे दिलंस गो मावशे?" दर ऐकून मान हलवायचा आणि घ्यायचा मात्र शेजारच्या शेवंतीकडून, तेही घासाघीस न करता. माझे बांगडे काय शिळे होते?

मच्छीमारांच्या मोर्चात दगडफेक सुरू झाली, तेव्हा तो धावत आमच्या दोघींच्या पुढ्यात येऊन उभा राहिला. "खाली बसा गो," म्हणाला. दगड त्याच्या डोक्यात बसला आणि तो इस्पितळात गेला तो परत आलाच नाही.

आता बाजारातल्या बायका शेवंतीजवळ बसून डोळे पुसतात. तिच्यासाठी त्याने जीव दिला म्हणतात. त्याच्या पाठीमागे मीसुद्धा बसले होते. मला अजून बांगड्याचा दरच विचारतात.