पप्पांनी जादूघरात काय कबूल केलं

माझे पप्पा फ्रीमेसन होते.

हो, तेच. यूट्यूबवर जगावर गुपचूप राज्य करतात ते. आमच्या घरात त्यांचं टीव्हीच्या रिमोटवरही राज्य नव्हतं, पण तुम्हाला मजा येत असेल तर खुशाल माना.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. अजूनही लोक विचारतात, "तुझे वडील त्या जादूघरात जायचे ना? तिथं नेमकं करतात काय?"

लॉज म्हणजे फ्रीमेसनांची शाखा. तिच्या जुन्या बिल्डिंगला आमच्याकडे जादूघरच म्हणतात. आत कवटी आहे, बकरा कापतात, हे मी शाळेत असताना पोरींकडून ऐकलंय.

तर आता माझ्याकडून ऐका.

महिन्यातून एक मीटिंग. काळा सूट, कमरेला पांढरा ॲप्रन, हातमोजे. ही मंडळी स्वतःला जुन्या पाथरवटांचे वारस मानतात, म्हणून त्यांच्या खुणा गवंड्याच्या: गुण्या, ओळंबा, कंपास. दगड घडवतात तसं माणसानं स्वतःला घडवायचं, हा सगळ्याचा अर्थ.

आत धर्म आणि राजकारण या विषयांना बंदी. बियाणेवाला, स्टीलवाला, डॉक्टर, मास्तर, सगळे एकमेकांचे ब्रदर.

दाराबाहेर एक ब्रदर तलवार घेऊन पहारा देतो. काही वर्षं ती तलवार आमच्या पप्पांकडे होती. गणिताचे सर! फोटो मागून मागून मी थकले, दिला नाही.

नंतर जेवण, आणि मोतीबिंदूच्या कॅम्पचं नियोजन. संपली जादू.

मेंबर व्हायचं तर आपण स्वतः इच्छा सांगायची. आतला कोणीतरी तुमची हमी घेतो. पप्पांची घेतली रशीद चाचांनी, त्यांचं मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, बियाण्यांचं दुकान. मग कमिटी घरी येऊन बायकोला विचारते, तुमची हरकत नाही ना?

आई म्हणाली, "महिन्यातून एक संध्याकाळ घेऊन जाताय? अजून एखादी घ्या."

शेवटी मतदान. पेटीत पांढरी गोटी म्हणजे होकार, काळी म्हणजे नकार. कोणी कुठली टाकली ते कोणालाच कळत नाही.

पण त्याही आधी एक प्रश्न असतो. परमेश्वर मानता का?

आणि आम्ही बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतलेली. बावीस प्रतिज्ञा बैठकीच्या भिंतीवर लावलेल्या.

माझे मोठे काका अंकुशनगरला साखर कारखान्यात होते. त्यांना हे कुठून तरी कळलं आणि ते पहिल्या एसटीनं घरी आले.

"देव मानतो म्हणून सांगून आला का न्हाई? एवढंच सांग."

पप्पा म्हणाले, "दादा, आतलं बाहेर सांगायचं नसतं."

झालं! माझ्या बापानं गुप्ततेची शपथ इतकी मनावर घेतली होती की लॉजमध्ये जेवायला काय होतं तेसुद्धा ते सांगायचे नाहीत. हाताला मटणाचा वास यायचा आणि हा माणूस गप्प.

काकांनी त्या गप्प राहण्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला. बापाचा धम्म विकून हा मोठ्या लोकांत बसला. त्यानंतर ते लग्नकार्याला यायचे, जेवायचे, पण पप्पांशी सरळ बोलणं बंद. पप्पा समोर बसलेले असताना मला म्हणायचे, "तुझ्या बापाला विचार, चहा घेतो का."

हे असं वर्षानुवर्षं चाललं. पप्पांना ते किती लागायचं, ते मी पाहिलंय.

मग ते गेले. सकाळी अंगणात त्यांना ठेवलं होतं आणि लॉजचे ब्रदर्स आले. पांढरे हातमोजे घातलेले, प्रत्येकाच्या हातात बाभळीची एक हिरवी डहाळी.

काका वाटेत उभे राहिले. "हे काय काटे घेऊन आले? जितेपणी बाटवलं तेवढं बस न्हाई झालं का?"

रशीद चाचांना आधी कळेचना. "दादा, आमचा रिवाज आहे हा. ही हिरवी राहते म्हणून ठेवतो. अन् बाटवलं म्हणजे?"

"देव मानतो म्हणून कबूल केलं न त्यानं तिथं?"

"सरांनी?" चाचा बघतच राहिले. "मी तिथंच होतो दादा. सर म्हणले, देव मी मानत न्हाई. खोटं बोलून मला कोणाचा भाऊ व्हायचं न्हाई. माझ्याहून मोठा धम्म आहे, त्याला मी बांधलेलो आहे. तेवढ्यावर घ्यायचं तर घ्या, न्हाई तर चाललो."

"मंग?"

"मंग काय, आमच्यातच वाद. मोठ्या मंडळींना विचारलं, लई दिवस गेले. शेवटी घेतलं, अन् एकबी काळी गोटी न्हाई पडली. सरांनी शपथ घेतली ती धम्माच्या ग्रंथावर. आमच्या टेबलावर सगळ्या धर्मांचे ग्रंथ असतात. तुमचा नव्हता. त्या दिवसापासून आहे. प्रत्येक मीटिंगला उघडतो आम्ही."

काकांनी वळून पप्पांकडे बघितलं.

"सरांनी हे सांगितलं न्हाई तुम्हाला?" चाचांनी विचारलं. "लपवायचं असतं ते हात मिळवायची खूण अन् दोन-चार शब्द. हे तर बिलकुल सांगण्यासारखं होतं."

मला तिथंच पप्पांचा प्रचंड राग आला. आणि इतका अभिमान वाटला की रडूच थांबेना.

काका बाजूला झाले. "या मंग. उन्हात कशाला उभे?"

त्रिशरण, पंचशील झालं. मग ब्रदर्स एकेक करून पुढे आले, डहाळी ठेवून मागे सरकले.

सगळ्यांचं झाल्यावरही चाचांकडे दोन-तीन जादा डहाळ्या होत्या. काकांनी त्यांच्यापुढे हात केला. "एक मला द्या."

ती त्यांनी स्वतः पप्पांच्या छातीवर ठेवली. आणि मला मध्ये न घेता, सरळ आपल्या भावाशी बोलले.

"सांगायचं न्हाई का रे, येड्या. मी इचारलं होतं न."

पप्पा, तुमच्या लेकीचं तुम्हाला मनापासून अभिवादन.

जय भीम.