दोनदा मोजलेली वाडी

माणसाला चेहऱ्यावरून ओळखण्याची पद्धत मुळातच चुकीची आहे, असे मानणारा जुन्नर तालुक्यातला एकमेव गृहस्थ माझा शाळासोबती होता, हे मी पुरेशा जबाबदारीने सांगू शकतो. त्याची नजर प्रथम माणसाच्या मनगटावर जाई, तेथून कोपरापर्यंत चढे आणि चेहऱ्यापर्यंत पोहोचण्याआधीच बहुधा समाधान पावे. नारायणगावच्या एसटीत एका कंडक्टरला त्याने मनापासून सांगितले, "साहेब, तुमचं कोपर फार देखणं आहे." तो बिचारा पुढे सारा वेळ बाही खाली ओढत राहिला. स्वतःसाठी मुलगी पाहायला गेला, तेव्हा पोह्यांची बशी पुढे येताच याने एवढेच विचारले, "आपण डावखुऱ्या का?" ते स्थळ पोह्यांबरोबरच संपले.

घराणे बाजारपेठेतल्या जैन कापडव्यापाऱ्यांचे. याने मात्र नव्वदच्या दशकात पुण्याला शरीररचनाशास्त्रात संशोधनावर आधारलेली एम.एस्सी. आरंभली. विच्छेदनाच्या टेबलापाशी तो रोज आधी हात जोडून उभा राही, आणि मग इतक्या हलक्या हाताने सुरी धरी, की समोरचा माणूस नुसता झोपला आहे असे वाटावे. अभ्यासासाठी हाडांची पिशवी घरी आणली, तेव्हा आईने उंबऱ्यातच अडवले. "कुणाची रे?"

"नाव माहीत नाही. पण फार उपकार आहेत त्यांचे आपल्यावर."

"मग दुकानात ठेव त्यांना. आणि आधी आंघोळ कर."

त्या दिवसापासून पिशवी दुकानात धोतरांच्या गठ्ठ्यामागे खुंटीला लटकू लागली.

शेतकाम करणाऱ्यांचे उजवे आणि डावे हात कोपरापासून मनगटापर्यंत सारखेच लांब असतात की नाही, हा त्याच्या प्रबंधाचा विषय. मापे घेण्यास वडिलांचे दुकान त्याला सोयीचे वाटले, आणि तेथेच घोटाळा झाला. कापडाच्या दुकानात कुणी हाताचे माप घेऊ लागले, तर शहाणा माणूस एकच अर्थ काढणार. "शेट, बाही लांब ठेवा बरं का, मागल्या येळी लई आखूड व्हती," असे म्हणून लोक निघून जात आणि पंधरा दिवसांनी सदरा न्यायला येत. वडील कपाळाला हात लावून म्हणत, "मी जन्मभर मापाचं कापड विकलं. हा नुसतीच मापं घेतो!"

मी तेव्हा रिकामा होतो, म्हणून त्याचा लेखनिक झालो. तो मापे सांगे, मी वहीत लिही. आंबेगाव तालुक्यातल्या डोंगराकडच्या एका वाडीत शेवटची अकरा माणसे उरली असता त्याला सरपंचांनी घरी बोलावून नेले. "एवढी तू उरक," म्हणून त्याने लांबी मोजायचा कॅलिपर माझ्या हाती दिला. ऊन विलक्षण होते, माणसे शेतावर होती आणि नावांची यादी माझ्यापाशी होती. मी आंब्याखाली बसलो आणि अकरा जणांचे बावीस हात मनानेच मोजून टाकले.

आठवड्याने त्यांपैकीच एक जण जुन्नरच्या बाजाराला आला आणि दुकानाची पायरी चढला. "शेट, समद्या वाडीची मापं घेतली, आमी शेतावर व्हतो त्यांचीच तेवढी ऱ्हायली. मला सदरा न्हाई व्हय? माझी तर एक बाही वाचंल तुमची!" कडबाकुट्टीच्या यंत्रात त्याचा उजवा हात कोपरावरून गेलेला होता.

माझ्या मित्राने शांतपणे वही उघडली. तेथे त्या गृहस्थाचा उजवा हात डाव्यापेक्षा दोन मिलिमीटरने लांब होता. त्याने माझ्याकडे पाहिले. माझ्या आठवणीत प्रथमच, थेट चेहऱ्याकडे. मी अकराही नावे सांगून टाकली. प्रबंध त्याच शनिवारी द्यायचा होता, आणि तो वेळेवर गेला तर महाविद्यालयातली शिकवण्याची जागा त्याच्यासाठी ठेवली होती.

"अकराच खोटी, पण आता मला सगळीच तपासावी लागतील," तो म्हणाला. "वाडी पुन्हा करू. उद्या सकाळची एसटी आहे."

वाडीत मोठाच हशा झाला. "का वो पावणं, आठ दिसांत हात वाढलं व्हय आमचं?"

"नाही भाऊ," तो अदबीने म्हणाला, "आमची वही आखूड पडली."

शनिवार हुकला आणि जागा दुसऱ्याला मिळाली. पुढची काही वर्षे तो वडिलांच्या गादीवर बसून कापड फाडत होता, आणि फाडता फाडता गिऱ्हाइकाच्या मनगटाकडे पाहत होता. शिकवायला मिळाले ते फार उशिरा, फार दूरच्या गावी. वाडीतल्या त्या गृहस्थाला मात्र वडिलांनी सदरा शिवून दिला, दोन्ही बाह्यांचा.

प्रबंधाची एक प्रत माझ्या कपाटात आहे. खोटे लिहिणे त्याला जमत नसे आणि मला दुखवणेही जमत नसे. त्यामुळे आभाराच्या पानावर, त्याच्या वडिलांच्या नावाखाली माझे नाव आहे आणि पुढे एकच वाक्य: 'हे माझ्यासोबत एक वाडी दोनदा चालले.' घरी येणारे ते वाचून माझ्या चिकाटीचे कौतुक करतात. दुसऱ्या खेपेचे कारण मी आजवर कुणालाही सांगितले नव्हते.