येते हं

आज इंदूरला विजय नगरच्या घरी पोह्यांवर जीरावन मसाला भुरभुरला आणि त्या तिखट-आंबूस वासासरशी मी शहराबाहेरच्या राऊ गावातल्या आश्रमात पोचले. कॉलेजात असताना मी दर रविवारी तिथल्या अपंग बायकांच्या मदतीला जायचे. पत्र्याच्या फटीतून आलेलं ऊन व्हरांड्यात तरंगत असायचं आणि मी चाकाच्या खुर्चीतल्या कमलाजींना हळूहळू पोहे भरवायचे.

निघताना "जाते" म्हणू नये, ही घरची शिकवण. म्हणून मी म्हणायचे, "येते हं, कमलाजी."

एकदा विसरलेली ओढणी घ्यायला तासाभराने परतले, तर त्यांची खुर्ची फाटकाकडे तोंड करून उभी. मांडीवर झाकलेली ताटली.

"तू बोली थी ना, येते हं!" त्या हसल्या. "तेरे पोहे रखे हैं."

"हर इतवार शाम तक ऐसेही बैठती हैं," तिथली मावशी म्हणाली. मला गंमतच वाटली. घरी सगळ्यांना हसत हसत सांगितलं.

मग पुण्याला नोकरी लागली. शेवटच्या रविवारी कमलाजींचे केस विंचरले आणि सवयीने तेच म्हणून निघाले. फाटकातून वळून पाहिलं, तर खुर्ची माझ्या दिशेने वळत होती.

इंदूरला परत येऊनही आता सहा वर्षं झाली. राऊ इथून जेमतेम तासाभरावर आहे.