टाकी, रेडिएटर आणि खालची फाइना

ओम्स्कच्या थंडीवर चिडून काही उपयोग नाही, ती आपलं काम चोख करते. चिडायचं ते माणसांवर, आणि त्यात रिम्मा अर्काद्येव्नाचा हात कोणी धरू शकलं नसतं. आयुष्यभर ट्राम चालवली, रुळात आडव्या आलेल्या प्रत्येकाचा उद्धार केला. नवरा दुसऱ्या बाईबरोबर दक्षिणेला निघून गेला, त्याला एक हिवाळाभर शिव्या घातल्या आणि विषय संपवला. त्याच्यामागे राहिलेले दोन एंजल मासे मात्र ती जिवापाड जपत होती. ते उलटून बोलत नसत.

त्या सकाळी रस्त्याखालचा गरम पाण्याचा मोठा नळ फुटला आणि त्या पाण्यावर घरं तापवणारे सगळ्या वस्तीचे रेडिएटर गार पडले. बाहेर उणे तेहतीस. लोकांनी एकदम विजेच्या शेगड्या लावल्या, म्हणून इमारतीची वीजही गेली. झालं! माशांच्या टाकीतला हीटर बंद, पारा खाली खाली. गॅस तेवढा चालू होता. रिम्मानं टाकीला रजई गुंडाळली, वरून नवऱ्याचा जुना ओव्हरकोट चढवला, आणि लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांत गरम पाणी भरून त्या टाकीत सोडायला लागली. एक बरणी निवेपर्यंत दुसरी तयार हवी. पाठ मोडून आली बाईची.

दुपारी नळदुरुस्तीच्या कचेरीतली फोनवरची मुलगी म्हणाली की नळ जोडला, गरम पाणी केव्हाच सोडलंय. कुठे सोडलंय, तुझ्या खुर्चीखाली का, असं विचारून रिम्मानं फोन आपटला.

तेवढ्यात दार वाजलं. बरोबर खालची, चौथ्या मजल्यावरची फाइना, डोक्याला शाल, पायात लोकरीचे बूट. ऑक्टोबरात हिवाळ्याचं गरम पाणी सुरू होऊन नळ तापल्यावर, माशांना ऊब मिळावी म्हणून रिम्मानं टाकी रेडिएटरला चिकटवून ठेवली होती. ती सरकवताना बादलीभर पाणी सांडलं आणि फाइनाच्या छतावर हा एवढा डाग पडला. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद.

"रिम्मा, तुझी ती टाकी..." फाइनानं सुरुवात केली.

"अगं, इथे माझे मासे मरायला टेकलेत आणि तुला अजून छताचंच पडलंय? धन्य आहे तुझी!" म्हणत रिम्मानं दार लावून घेतलं.

थोड्या वेळानं पुन्हा दार वाजलं. उंबऱ्यावर टॉवेलात गुंडाळलेल्या दोन गरम बरण्या, आणि फाइनाची पाठ जिन्यातून खाली जाताना. ही आता उपकार करून दाखवणार, असं पुटपुटत रिम्मानं बरण्या घेतल्या. नंतर आणखी दोन आल्या, आणखी दोन. तरी दोघांतला नर मासा एका कुशीवर कलला, तोंड उघडेना. रिम्माला संतापानं रडू फुटलं.

संध्याकाळी प्लंबर टागिर आला. रिम्मानं त्याच्या सात पिढ्या काढल्या. त्यानं बुटांचा बर्फ झटकत सगळं ऐकून घेतलं, मग टाकीकडे पाहिलं.

"काकू, हवा काढलीत?"

नळात पाणी परत भरलं की सर्वांत वरच्या मजल्यावाल्यानं रेडिएटरची बारीक चावी सोडून अडकलेली हवा काढायची, नाहीतर त्या नळावरची खालपर्यंतची पाचही घरं गार. हे तिथल्या पोराटोरांनाही ठाऊक. दर हिवाळ्यात रिम्मा स्वतः चावीखाली पेला धरायची. आणि आज ती चावी होती टाकीच्या मागे, जिथे बोटसुद्धा शिरत नव्हतं.

न बोलावता फाइना बादली घेऊन वर आली. दोघींनी पाणी उपसलं, मासे सूपच्या पातेल्यात घालून गॅसशेजारी ठेवले, टाकी ओढली. टागिरनं चावी फिरवताच नळ बराच वेळ फुसफुसला, गंजकं पाणी थुंकला आणि तापायला लागला. तळमजल्यावरून कोणीतरी खुशीत नळावर चमचा ठणठणवला.

पातेल्यात नर हळूहळू सरळ झाला.

"फाइना, दुपारपासून पाच घरं मीच गारठवली."

"तेच सांगायला आले होते. तू दार लावलंस, म्हणून याला बोलावलं."

"मग त्या बरण्या कशाला आणत होतीस?"

फाइनानं बादली उचलली. "मासे कुठे माझ्याशी भांडलेत?"