'सध्या' या शब्दाचा खुलासा

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. उदगीरला माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. ज्यावर शिक्का नाही, ते माझ्या लेखी घडलेलंच नसतं. आणि नेमकं हे प्रकरण माझ्याच गळ्यात पडलं... तेही शिक्क्यासकट!

माझा धाकटा भाऊ बसवराज आखातात पाण्याचा टँकर चालवायचा. तिथं अपघात झाला, एक माणूस गेला, बसूला सात वर्षांची शिक्षा लागली. तीन झाली. आपल्या सरकारचा त्या देशाशी करार आहे — कैद्याची तयारी असेल आणि दोन्ही सरकारं हो म्हणाली, तर उरलेली शिक्षा आपल्याकडच्या तुरुंगात भोगता येते. सुटका नाही, नुसती जागा बदलते. पण अव्वाला तेवढंच हवंय. (आमच्यात आईला अव्वा म्हणतात.) तिचे डोळे जात चाललेत. "जाळीतून का व्हईना, दिसतंय तवर बघू दे की," म्हणते. म्हणून सगळी घाई.

आता फाइलचं ऐका. शाळेच्या दाखल्यावर 'बसवराज', पासपोर्टवरच्या इंग्रजीत 'बस्वराज'. का, तर हा पठ्ठ्या पहिलीपासून स्वतःचं नाव 'स' अर्धाच काढून लिहितो. गुरुजींनी मारलं तरी सुधारला नाही. त्या अर्ध्या 'स'पायी फाइल आठ महिने अडकली. दोन्ही नावांचा माणूस एकच, असं प्रतिज्ञापत्र केलं. मग पोलीस पडताळणी निघाली — हा याच गावचा का, घरी कोण कोण, एवढंच लिहून पाठवायचं. गाव आमचं देवणीपासून सहा किलोमीटरवर. एका मंगळवारी भर दुपारी बीट जमादार तिथं जाऊन आले. मी दुकानात होतो.

महिन्याभरानं फाइल परत! शेरा असा — 'संबंधित इसम राहत्या घरी समक्ष हजर असल्याचे पडताळणी अहवालावरून दिसते. सबब हस्तांतरणाचा प्रश्न उद्भवत नाही.'

डोकंच फिरलं माझं. तसाच जमादारांकडे गेलो.

"ओ जमादार साहेब, माणूस जेलात हाय म्हणून तर अर्ज केलाय. तुम्ही हजर कसा काय लिवला?"

"शिवलिंगअप्पा, आता हजर माणसाला गैरहजर लिवू का? वट्ट्यावर बसून भाकर खाऊन राहिले होते. म्या इचारलं, बसवराज कोण? तर म्हनले, मीच. सही घेतली की म्या."

मोबाइलवर बसूचा फोटो दाखवला. कपाळावर केस, फुल स्टाइल.

"हेच. पर डोकं तुळतुळीत केलेलं होतं. लई वाळले होते हो."

अहवालाची प्रत बघितली. खाली सही होती — 'बस्वराज'. अर्धा 'स'. त्या 'स'ला खाली शेपूट द्यायची बसूची सवय, तीसुद्धा होती. कुणी आमची थट्टा केली म्हणावं, तर ही शेपूट त्या माणसाला कुठून ठाऊक?

गावी गेलो. अव्वा शेंगा फोडत बसली होती.

"अव्वा, त्या मंगळवारी घरी कोण आलतं?"

"बसू आलता." वर बघितलंसुद्धा नाही.

"आणि तू मला सांगितलं न्हाईस?"

"तुला सांगितलं असतं तर तू कागद मागितला असतास."

तिनं त्याला भाकरी न् शेंगाचटणी दिली, पाणी दिलं. तो फारसं बोलला नाही. "पर जाताना 'येतो' म्हनला," असं म्हणताना मात्र तिनं शेंगा खाली ठेवून वर बघितलं. गाडी दारात हॉर्न देत होती त्या घाईत, आखाताला निघताना बसू "अव्वा, जातो" म्हणून गेला होता. पुढे जे झालं ते त्या एका शब्दानं झालं, असं तिच्या मनानं घेतलेलं. त्यावरून मी कितीदा तिच्यावर ओरडलोय.

जेलमधून पंधरा दिवसांनी एकदा फोन येतो. मी आधी डोक्याचंच विचारलं. "तुला कुणी सांगितलं, दादा?" म्हणाला. "उवा झाल्या म्हनून समद्यांचं केलं." त्या मंगळवारी तो तापानं फणफणून पडला होता, बाकी काही आठवत नव्हतं. मग म्हणाला, "म्या निघताना काय म्हनलो होतो, ते अव्वा अजून धरून बसलीय का रे?" वेळ संपली, फोन कट.

पण भावाच्या आठवणीनं फाइल हलत नसते. आता काय सिद्ध करायचं, तर माझा भाऊ घरी नाही! मग रीतसर पंचनामा. पाच पंच, सरपंच, तेच जमादार. मजकूर — 'सदर इसम गावी राहत नाही.' सगळ्यांनी सह्या ठोकल्या आणि अव्वा अडली.

"खोट्यावर अंगठा देणार न्हाई. येऊन गेलाय."

"अगं, तुझ्या अंगठ्यावाचून तो कायमचा तिथंच राहील!" मी अक्षरशः किंचाळलो.

"मग 'सध्या' लिव. सध्या न्हाई, म्हन. येतो म्हनून गेलाय त्यो."

जमादारांनी 'सध्या' घातलं. अव्वानं अंगठा उठवला. फाइल गेली.

आणि फाइल पुन्हा आली! एकच त्रुटी — 'पंचनाम्यातील "सध्या" या शब्दाचा पंधरा दिवसांत लेखी खुलासा सादर करावा.'

अख्ख्या तालुक्याचे खुलासे मी लिहून देतो. हा मात्र चौदा दिवस जमला नाही. शब्द चुकून पडला म्हणावं, तर अव्वा दुसऱ्या कागदावर अंगठा देणार नाही. खरं लिहावं, तर खरं काय ते मलाच ठाऊक नाही. भाऊ तिथं कोठडीत, सही इथं कागदावर. तुमच्यापैकी कुणाला उलगडत असेल तर कळवा, मी हात टेकले.

आज मुदतीचा शेवटचा दिवस. दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढलं, टाइप केलं, शिक्का मारला आणि पाठवून दिलं. आता काढा म्हणावं आणखी त्रुटी.

'सदर इसम जाताना "येतो" असे सांगून गेला आहे. सबब, सध्या.'