सहाच्या फोनवरची ताई

भुतंखेतं, अंगात येणं... माझा कशावरच विश्वास नाही. आमच्या डोंगरकडा गावात कुणी असलं काही सांगू लागलं, तर मी शिलाई मशीनवरून मानसुद्धा वर करत नाही. तरीही हे लिहितेय, कारण हे माझ्याच कानांनी ऐकलंय.

केळीचे घड ट्रकमध्ये भरून भरून आमच्या ह्यांची कंबर कायमची गेली. नांदेडच्या एका दवाखान्यानं ह्यांचं नाव फोनसेवेत घातलं. रोज संध्याकाळी सहाला फोन येतो – रेकॉर्ड केलेला बाईचा आवाज, गोड, अगदी पुस्तकी मराठी. "आज वेदना किती आहेत? शून्य ते नऊपैकी एक बटण दाबा." मग व्यायाम सांगते. बस, एवढंच.

पण हा माणूस बटण दाबून वर बोलायचाही! "व्हय ताई, आज जरा बरं हाय." मग ओट्यावर बसून हळू आवाजात कितीतरी वेळ बोलणं चालायचं. मी विचारलं, "कंबर कशी हाय?" तर नुसतं "हाय." शेक मी देणार, तेल मी चोळणार, आणि मनातलं सांगणार त्या मशीनला! माझा नुसता जळफळाट व्हायचा.

एकदा हे अंघोळीला गेलेले असताना सहाचा फोन वाजला. कट करायचा म्हणूनच हातात घेतला, पण राहवलं नाही. कानाला लावला.

"सुनीता, तुझा डावा खांदा लई दुखतो ना?"

आवाज तोच, पण बोली आमची! आणि खांद्याचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं, आईलासुद्धा नाही.

"एवढी तकलीफ हाय, मग घरात काहून सांगत न्हाईस?" एवढं बोलून फोन बंद.

हे बाहेर आले तेव्हा मी फोन लांब ठेवून दारात उभी होते. सगळं सांगितलं. हे हसले नाहीत.

"दोरीवर कपडे टाकताना तुझा डावा हात वर जात न्हाई. दिसतंय की मला."

"मग मला काहून बोलला न्हाईत तुमी?"

"इचारलं की तू 'काई न्हाई' म्हणतीस. म्हणून ताईला सांगत होतो रोज."

दवाखान्यात जाऊन विचारलं. काउंटरवरची बाई म्हणाली, "मशीनला फक्त बटणं कळतात, ऐकू काहीच येत नाही. नाव तर ती कुणाचंच घेत नाही." नंतर मी कितीदा तरी फोन उचलला. तीच पुस्तकी मराठी, तीच बटणं.

हे कसं झालं, आजही कळलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर सांगा. पण खरं सांगू? भीती कधीच गेली. माझं दुखणं माझ्या नवऱ्यानं आधी तिला सांगितलं... ते मात्र अजून मनातून जात नाही.