टिकलीच्या डावीकडे

भावाभावांच्या वाटण्या आमच्या नाशिककडे काही नवलाच्या नाहीत. जमीन वाटली जाते, विहीर वाटली जाते, आईची बोरमाळ मणी मोजून वाटली जाते. पण कॉम्प्युटरचा पडदा मधोमध वाटून घेतलेलं घर एकच, आणि ते मखमलाबादच्या चिमाजी खोडेचं.

चिमाजी फुलांचा माणूस. झेंडू आणि शेवंती लावायची, कडेकडेने गिलकी-दोडकी सोडायची, पहाटे माल फूलबाजारात टाकून उन्हं चढायच्या आत घरी यायचं, असा त्याचा वर्षानुवर्षांचा रिवाज. धाकटा भाऊ यादव अंबडला कंपनीत लेथवर. सुट्टीच्या दिवशी तोही शेतात राबायचा. चिमाजी बोलायला कंजूष आणि यादव उधळ्या, त्यामुळे दोघांचं बरं जमायचं.

दोन हजार सालच्या दसऱ्याला झेंडूने चांगला हात दिला. चिमाजीची मुलगी सुवर्णा तेव्हा कॉलेजात होती, आणि यादवने कंपनीत साहेबाच्या टेबलावर कॉम्प्युटर पाहिलेला होता. दोघांनी मिळून तो चिमाजीच्या गळी उतरवला. पैसे दोन्ही भावांचे सारखे पडले. कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत खुरप्यांच्या कोपऱ्यात बसला. सरुबाईने, म्हणजे चिमाजीच्या बायकोने, त्याला हळदकुंकू वाहिलं आणि वर जुन्या साडीची झूल घातली.

त्या पहिल्या दोन वर्षांइतकं सुख चिमाजीला पुढे लाभलं नाही. संध्याकाळी दोघे भाऊ एकाच बाकड्यावर खांद्याला खांदा लावून बसायचे. यादवने त्याला माऊस धरायला शिकवलं. मातीत घट्टे पडलेला हात, माऊस त्याखाली दिसायचासुद्धा नाही. इंटरनेट लावलं की फोन अडकायचा, म्हणून ते थोडाच वेळ. एरवी यादव पत्त्यांचा खेळ काढायचा, आणि चिमाजी माऊसला हात न लावता शेजारून सांगायचा, "ती छक्की उचल. तिकडं लाव." यादव मुद्दाम चुकीच्या जागी नेऊन थांबायचा. चिमाजी चिडला की तो हसायचा.

दोन हजार दोनच्या उन्हाळ्यात विहिरीचं पाणी आटलं आणि मोटारीच्या पाळीवरून घरात ठिणगी पडली. आधी बायका बोलल्या, मग बायकांच्या तोंडून भाऊ बोलले, आणि एकदा भावांनी तोंड उघडल्यावर झाकायला कुणी उरलं नाही. वाटणी करायला घोटीहून धोंडीराम मामा आला. तांदळाचा व्यापारी, बोलणं तुटक, नजर तराजूसारखी. मळा दोन भाग झाला, मधे बांध पडला. चुली दोन झाल्या. भांडी, बैल, पत्रे, सगळं सुरळीत पार पडलं आणि कॉम्प्युटरपाशी गाडी अडली.

विकायला दोघेही तयार नव्हते. शहाण्या माणसाने एक दिवस याचा, एक दिवस त्याचा, असं करून टाकलं असतं. पण पाळी हा शब्द त्या घरात काढायची सोय नव्हती, पाळीवरूनच तर सगळं रामायण घडलं होतं. मामाने आयुष्यात कॉम्प्युटरला हात लावलेला नव्हता. तो बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला.

"पोरी, ही चौकट ल्हान व्हती का?" त्याने सुवर्णाला विचारलं.

तिने पडद्यावरच्या खिडकीची कड धरून ओढून दाखवली.

"मंग झालं तर." मामाने पडद्यावर वीत टाकली, मध्य काढला. "हिकडं थोरला, तिकडं धाकटा. कोनी कोनाच्या हद्दीत जायचं नाय."

हसू नका. तिथे कुणी हसलं नाही. जमलेल्या पाचसहा कर्त्या माणसांना ते अगदी रास्त वाटलं, कारण त्यांनी जन्मभर वस्तू अशाच वाटलेल्या होत्या. सरुबाईने कपाळाची मरून टिकली काढून पडद्याच्या वरच्या चौकटीवर मधोमध चिकटवली. तो हद्दीचा दगड.

मग फायली-खेळ उघडायची ज्याची त्याची चिन्हं ज्याच्या त्याच्या बाजूला गेली. कचऱ्याची पेटी मात्र सामाईक राहिली, जसा उकिरडा राहतो तशी. एका वेळी एकच माणूस बसत असताना अर्धा पडदा कुणासाठी मोकळा सोडायचा, हा प्रश्न सुवर्णाच्या ओठावर आला होता. पण मामा चहा पीत होता, आणि मामाच्या निकालाला उलट बोलायची पद्धत नव्हती.

त्या दिवसापासून चिमाजीचं जग टिकलीच्या डावीकडे मावायला लागलं. इंटरनेटवरची पानं असायची रुंद, खिडकी अर्धी. बातमी वाचायची तर अर्धी ओळ वाचून खालची पट्टी सरकवायची, उरलेली अर्धी वाचून पुन्हा मागे यायचं. 'मंत्रिमहोदयांनी' एवढं कळायचं, मग त्यांनी काय केलं ते बघायला सरकवायचं, आणि बहुतेक वेळा सरकवल्याचं चीज व्हायचं नाही. पण त्याला ती सवय लागली. खिडकीच्या कोपऱ्यात पान पडदाभर पसरवणारं चौकोनी बटण होतं. त्याला तो 'बांध फोडायचं बटण' म्हणायचा आणि चुकून बोट लागलं तर दचकायचा.

असंच दीडेक वर्ष गेलं. एका रविवारी यादव क्रिकेटचा स्कोअर बघता बघता कुणाच्या तरी हाकेने उठून गेला आणि खिडकी तशीच राहिली. चिमाजी येऊन बघतो तर तिची डावी कड टिकलीच्या अलीकडे, चांगली दोन बोटं आत.

तो अंगणात गेला आणि सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असं म्हणाला, "बांध कोरला!"

ज्या गावात बांध कोरण्यावरून कुऱ्हाडी निघालेल्या आहेत, तिथे हे दोन शब्द साधे नाहीत. यादव धावत आला. "दादा, आरं ते पान रुंद हाय. वढलं तर वढलं गेलं."

"आज पान रुंद हाय. उद्या वावर रुंद हुईल."

"तुला म्या चोर वाटतो व्हय?" यादवने विचारलं. नाही म्हणायला चिमाजीला अर्धा क्षण पुरला असता, आणि तो अर्धा क्षण त्याने घालवला.

महिन्याच्या आत यादवने सिडकोत घर घेतलं. टेम्पोत सामान भरताना सरुबाईने विचारलं, कॉम्प्युटरचं काय? "ठेव म्हनावं सगळा त्यालाच," यादव म्हणाला. हे त्याने अंगणात उभं राहून, चिमाजीला ऐकू जाईल असं सांगितलं. पण चिमाजीला सांगितलं नाही.

आता सगळा पडदा चिमाजीचा होता. कुणी विचारणारं नव्हतं. तरी दुसऱ्या दिवशी तो बसला तो डावीकडेच. तिसऱ्या दिवशीही, आणि पुढची पाच वर्षं. यादवची चिन्हं उजवीकडे होती तिथेच राहिली. शेतातही तेच. यादवच्या वाट्यात गवत कमरेला लागलं, चिमाजीची म्हैस बांधावरून मान लांबवायची आणि तो तिला मागे ओढायचा.

सुवर्णा लग्न होऊन नांदगावला गेली. माहेरी आली की बापाला पट्टी सरकवताना बघून तिचा जीव कासावीस व्हायचा. एकदा तिने मागून हात घालून चौकोनी बटण दाबलंच. पान पडदाभर पसरलं. चिमाजीने तिच्या हातातून माऊस घेतला आणि खिडकी परत टिकलीखाली आणून ठेवली.

"आण्णा, काका गेले. आता कोणाची वाट बघता?"

"त्याची जागा हाय ती," चिमाजी म्हणाला.

लोकांना वाटायचं, केवढा आकस धरलाय या माणसाने. सरुबाईलाही तसंच वाटायचं. खरं ते उलटं होतं. चिमाजीला एवढंच हवं होतं, की एकदा यादवने यावं आणि त्या बाकड्यावर बसावं. जागा मोकळी असली तर माणूस येईल, असा त्याचा भाबडा हिशेब होता. चार ओळींची चिठ्ठी किंवा एक फोन, एवढ्यात जे झालं असतं ते त्याला जमत नव्हतं, म्हणून तो अर्धा पडदा राखत बसला होता.

दोन हजार आठमध्ये जुना पडदा जळला आणि नवा आला, चपटा आणि लांबरुंद. चिमाजीने सुतळीने मध्य काढला. जुन्या चौकटीवरची टिकली नखाने सोडवली, ती चिकटेना, तेव्हा सरुबाईकडून नवी मागून घेतली. यादवची चिन्हं नव्या पडद्यावर मध्यात येऊन पडली होती, ती सुवर्णाकडून पार उजव्या कडेला हलवून घेतली. गंमत अशी की या पडद्याच्या अर्ध्यातच आता अख्खं पान मावायला लागलं. पट्टी सरकवायचं काम संपलं. चिमाजीला काही दिवस चुकल्याचुकल्यासारखं झालं.

पुढच्या वर्षी एक बिल्डर आला. शहर वाढत वाढत मळ्याच्या कडेला टेकलं होतं. त्याला दोन्ही वाटे एकत्र हवे होते, एक घेऊन त्याचा उपयोग नव्हता. यादव तयार होता. कसत नाही ती जमीन ठेवून काय करायची, एकदाची नाळ तुटलेली बरी, असं तो सिडकोत कुणाला तरी म्हणाला होता, आणि ते फिरत फिरत चिमाजीपर्यंत आलं होतं. त्या रात्री चिमाजी जेवला नाही.

बिल्डरच्या माणसाने नकाशा ईमेलने पाठवला आणि फोन केला. चिमाजीने नकाशा उघडला. तो इतका रुंद होता की या पडद्याच्या अर्ध्यातही मावला नाही. डावा वाटा दिसला, पिवळी घरं, मधे बाग. बांधापाशी खिडकी संपली. त्याने पट्टी सरकवली नाही.

"माझ्या बाजूचं दिसलं," तो फोनवर म्हणाला. "त्याच्या बाजूचं त्यानी यिऊन बघावं."

बिल्डरच्या माणसाला यातलं काय कळणार? त्याने निरोप जसाच्या तसा पोचवला. आणि रविवारी सकाळी यादवची स्कूटर अंगणात उभी राहिली.

तो आत आला तो तावातच. केस पांढरे झाले होते. राम राम नाही, पाणी नाही. "दादा, काय लावलंय हे? नकाशा बघायला दोन मानसं लागत्यात व्हय?"

चिमाजी बाकड्यावर जरा सरकला. त्याने पडद्याकडे बोट केलं.

यादव वाकला. डावीकडे अर्धा नकाशा. वर मरून टिकली. उजवीकडे रिकामा निळा पडदा, आणि पार कडेला त्याची चिन्हं ओळीने, पाच वर्षांपूर्वी होती त्याच क्रमाने. त्यात पत्त्यांचा खेळ. मग त्याने माऊस घेतला, चौकोनी बटण दाबलं आणि नकाशा पडदाभर केला. दोन्ही वाटे एकमेकांना लागून दिसायला लागले. बांधाची रेघ कुठेच नव्हती, तिथून रस्ता जात होता.

"हे बघ," यादव म्हणाला. "आता दिसतंय का सगळं?"

"दिसतंय," चिमाजी म्हणाला. "पन आता तू कुठं बसशील?"

हे बोलताना त्याचा आवाज फुटला. साठीला टेकलेल्या माणसाचा आवाज असा फुटलेला बरा दिसत नाही, म्हणून सरुबाई दारातून मागे गेली आणि चहाचं आधण ठेवायला लागली.

यादव उभाच होता. बाकड्यावरच्या मोकळ्या जागेकडे त्याने पाहिलं, टिकलीकडे पाहिलं. मग तेच बटण त्याने पुन्हा दाबलं. नकाशा डावीकडे गेला. यादव खाली बसला, त्याचा खांदा चिमाजीच्या खांद्याला टेकला. उजव्या कडेचं चिन्ह उघडून त्याने पत्ते पसरले.

त्याच्या खिशातला फोन वाजला, बिल्डरच्या माणसाचा असणार. तो वाजून वाजून बंद पडला. यादवने किलवरची छक्की उचलली, इकडून तिकडे नेली आणि मधेच थांबला.

"दादा," तो म्हणाला, "ही कुठं लावू?"

चिमाजीने पाच वर्षांत पहिल्यांदा आपणहून टिकलीच्या पलीकडे पाहिलं.

"बदामाच्या सत्तीवर," तो म्हणाला. "समोर तर हाय."